मसलतीचे दफ्तर

विचार ही एकांतात करावयाची गोष्ट आहे, हा समज आपल्या मनात इतका खोल रुजलेला आहे की, चार माणसे मिळून काही नवे शोधून काढतील असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम एखादी समिती उभी राहते आणि तिचा अहवाल किती वर्षांनी येईल याचा हिशेब तो मनातल्या मनात करू लागतो. हा अविश्वास अगदीच निराधार नाही. परंतु संगणकांचे जाळे जगभर पसरल्यापासून, एकमेकांची तोंडेही न पाहिलेल्या माणसांनी आपापल्या गावी बसून, निव्वळ लेखी मजकुराच्या देवघेवीतून एखादी कल्पना जन्मास घालावी, तिच्यावर हरकती घ्याव्यात, आणि कापूनछाटून अखेरीस ती निर्दोष करावी, असे काही प्रयोग झालेले आहेत. आणि त्यांचा विशेष हा की, पहिल्या फसलेल्या सूचनेपासून शेवटच्या सिद्धतेपर्यंतचा त्यांचा सारा तपशील दफ्तरी जसाच्या तसा शिल्लक आहे. समितीच्या बैठकीत काय घडले हे इतिवृत्त लिहिणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. येथे मात्र प्रत्येक ओळ कोणासही वाचता येते. तेव्हा अशा मसलतीत काय साधते आणि काय साधत नाही, याचा निवाडा केवळ अंदाजाने करण्याचे कारण उरलेले नाही.

गटाने कल्पना सुचविण्याच्या कामास पद्धतीचे रूप देण्याचा पहिला गाजलेला उद्योग अमेरिकेतील एका जाहिरातवाल्याने केला. अलेक्स ऑस्बॉर्न हे त्यांचे नाव. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी चार नियम घालून दिले : बैठकीत कोणाच्याही सूचनेवर टीका करावयाची नाही, सूचना जितकी स्वैर तितकी ती स्वागतार्ह मानावयाची, गुणापेक्षा संख्येकडे लक्ष द्यावयाचे, आणि दुसऱ्याच्या सूचनेत भर घालून किंवा दोन सूचना जोडून तिसरी तयार करावयाची. एवढे पथ्य पाळले म्हणजे माणसास एकट्याने बसून सुचतील त्याच्या दुप्पट कल्पना गटात सुचतात, अशी त्यांची ग्वाही होती. कचेऱ्यांना ही पद्धत फार आवडली, आणि तिच्यात वेळ हसतखेळत जात असल्यामुळे ती आजही आवडते. परंतु १९५८ साली येल विद्यापीठातील टेलर, बेरी आणि ब्लॉक या संशोधकांनी चार माणसे एकत्र बसवून आणि दुसरी चार वेगवेगळी बसवून दोन्हीकडील कल्पनांची मोजदाद केली, तेव्हा एकएकट्या बसलेल्यांच्या याद्या एकत्र करून, पुनरुक्ती वजा केल्यावरही, त्यांच्याच पदरी कितीतरी अधिक कल्पना पडल्या. पुढे अनेकांनी अनेक परींनी हा प्रयोग करून पाहिला. निकाल फारसा बदलला नाही. १९८७ साली मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी यामागील कारणांची छाननी केली. टीकेचे भय आणि दुसरा विचार करतो आहे तर आपण कशाला शिणावे ही आळसाची वृत्ती, ही कारणे लोक पूर्वीपासून सांगतच असत. परंतु मुख्य कारण याहून पुष्कळच साधे निघाले. एका वेळी एकच माणूस बोलू शकतो, आणि आपली पाळी येईपर्यंत मनात आलेले धरून ठेवण्याच्या खटाटोपात पुढचे सुचणे बंद पडते, किंवा जे सुचलेले असते तेच विसरले जाते.

हे कारण एकदा हाती आले म्हणजे संगणकावरील मसलतीचा पहिला लाभ आपोआप ध्यानात येतो. तेथे सर्वजण एकाच वेळी लिहू शकतात; कोणी कोणास अडवीत नाही. १९९० च्या सुमारास कॅनडा आणि अमेरिकेतील संशोधकांनी अशा लेखी गटांच्या ज्या चाचण्या घेतल्या, त्यांत मोठ्या गटांनी एकएकट्या माणसांच्या बेरजेवरही मात केली. तथापि कल्पनांची संख्या वाढणे निराळे आणि त्यांतील एखादी कामास येणे निराळे. ऑस्बॉर्न यांची पद्धत ढीग रचण्यापुरती चांगली आहे. ढिगातून धान्य कोणते आणि फोल कोणते हे ठरविण्याचे काम ती दुसऱ्या कोणावर तरी ढकलून मोकळी होते, आणि आमच्या मते खरे काम नेमके तेथूनच सुरू होते.

टीकेस बंदी न घालताही माणसांचा संकोच दूर करता येतो, हे ज्यांनी प्रथम ओळखले ते मानसशास्त्रज्ञ नव्हते. १९६९ च्या एप्रिलमध्ये, आजच्या आंतरजालाचे पूर्वरूप असलेली संगणकजोडणी अमेरिकेत आकार घेत होती, आणि तिचे नियम ठरविण्याचे काम ज्यांच्याकडे आले त्यांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांचाच भरणा होता. आपणांस हा अधिकार दिला कोणी, अशी धाकधूक त्यांच्या मनात असे. त्यांतील स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने आपल्या टिपणांना ‘अभिप्रायार्थ विनंती’ अशा अर्थाचे विनम्र नाव दिले, जेणेकरून ती फर्माने वाटू नयेत. आणि तिसऱ्या क्रमांकाच्या टिपणात त्याने या लेखनाचा शिरस्ताच घालून दिला. कोणीही लिहावे, अर्धवट विचार लिहावा, उत्तर न देता नुसता प्रश्न लिहावा, उदाहरणाशिवाय तत्त्व लिहावे, टिपण किमान एका वाक्याचे असले म्हणजे पुरे. एकदा लिहिले म्हणजे ते प्रमाण झाले असे मानण्याची वाचकाची खोड, आणि पक्के झाल्याखेरीज बाहेर न काढण्याची लेखकाची खोड, या दोहोंवरचा उपाय म्हणून आपण हे सांगत आहोत, असा खुलासाही त्याने केला. मात्र प्रत्येक टिपणास क्रमांक हवा, तारीख हवी, लेखकाचे नाव हवे, हा नियम कसोशीने पाळला गेला. प्रारंभीची ही टिपणे चक्क टपालाने जात असत. आज त्या मालिकेतील क्रमांक नऊ हजारांपलीकडे गेलेले आहेत, आणि आंतरजालाचा सारा व्यवहार त्यांतूनच ठरलेल्या नियमांवर चालतो.

या विषयाचे सर्वांत उद्बोधक उदाहरण मात्र गणिताच्या प्रांतातील आहे, आणि ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कारण गणितज्ञ हा एकांतप्रिय विचारवंताचा जणू नमुनाच समजला जातो. केंब्रिज विद्यापीठातील टिमथी गॉवर्स, ज्यांना १९९८ साली गणितातील सर्वोच्च मानले जाणारे फील्ड्स पदक मिळालेले होते, त्यांनी २००९ च्या जानेवारीअखेर आपल्या अनुदिनीवर एक प्रश्न जाहीरपणे मांडला : पुष्कळ माणसांना उघड्यावर मिळून गणिताचा एखादा अवघड प्रश्न सोडविता येईल काय? आणि नुसता प्रश्न विचारून न थांबता त्यांनी फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेस प्रत्यक्ष प्रयोगच आरंभिला.

निवडलेला प्रश्न ‘घनता हेल्स-ज्युएट प्रमेया’चा होता. नाव भयंकर असले तरी त्याचे मूळ आपल्या फुल्लीगोळ्याच्या खेळात आहे. नऊ घरांच्या पटावर, एकही सरळ रेषा पुरी होऊ न देता, जास्तीत जास्त सहा घरे भरता येतात. पट तीन मितींचा, म्हणजे सत्तावीस घरांचा केला, आणि रेषेची गणितज्ञांना अभिप्रेत असलेली जरा काटेकोर व्याख्या घेतली, तर १८ घरे भरता येतात. चार मितींच्या ८१ घरांपैकी ५२. पाच मितींच्या २४३ पैकी १५०. मिती वाढत गेल्या की भरता येण्याजोग्या घरांचे प्रमाण हळूहळू घटत जाते, आणि अखेरीस ते शून्याकडे झुकते, असे हे प्रमेय सांगते. हिलेल फुर्स्टेनबर्ग आणि यित्झाक काट्झनेल्सन यांनी १९९१ साली ते सिद्ध केलेले होते, परंतु त्यासाठी गणिताच्या एका दूरच्या शाखेतून फार अवजड साधने आणावी लागली होती. त्या साधनांवाचून, मोजणीच्या साध्या युक्त्यांनी ते सिद्ध व्हावे, एवढीच गॉवर्स यांची अपेक्षा होती. किंबहुना एक विशिष्ट मार्ग त्या दिशेने जातो की नाही इतके जरी कळले तरी त्यांना समाधान वाटले असते.

प्रयोगाचे नियम त्यांनी आधीच जाहीर केले होते, आणि ते वाचले म्हणजे क्रॉकरच्या टिपणाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. नोंद आटोपशीर असावी, आणि तिच्यात शक्यतो एकच मुद्दा असावा. विचार कच्चा, अपुरा, प्रसंगी चुकीचाही असला तरी चालेल. भाषा सभ्य असावी. एक नियम मात्र विद्वानांच्या स्वभावास अगदीच विरोधी होता : कोणीही चांगली कल्पना सुचताच ती घेऊन घरी जाऊन, आठवडाभर एकट्याने तिचा विस्तार करून, मग तयार माल घेऊन परत यावयाचे नाही; जे सुचले ते सुचले त्या अवस्थेत तेथेच टाकावयाचे. आणि यदाकदाचित यश आलेच, तर निबंध एका सामाईक टोपणनावाने प्रसिद्ध व्हावयाचा होता, म्हणजे श्रेयाची वाटणी करण्याचा तंटाच मुळात निघू नये.

पहिले सात तास कोणीच काही लिहिले नाही. नंतर ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील एका हंगेरियन गणितज्ञाने एक सोपा पर्याय सुचविला. पंधरा मिनिटांनी अ‍ॅरिझोनातील एका शाळामास्तरांनी आपले म्हणणे रुजू केले. आणि आणखी तीन मिनिटांनी टेरेन्स टाओ, म्हणजे आजच्या जगातील अग्रगण्य गणितज्ञांपैकी एक, त्याच पंक्तीस येऊन बसले. शाळामास्तर आणि फील्ड्स पदकाचे मानकरी एकाच कागदावर, एकाखाली एक, आणि दोघांच्या नोंदींना सारखेच क्रमांक! हे वाचताना देवळालीच्या द. रा. कापरेकरांची आठवण मराठी वाचकास झाल्यावाचून कशी राहील? १९३० ते १९६२ पर्यंत शाळेत शिकवीत असताना या गृहस्थाने फावल्या वेळात अंकांचे नवल शोधले. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी (चारही अंक तेच नसले म्हणजे झाले), तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत जावे, म्हणजे सात खेपांच्या आत ६१७४ हाच आकडा हाती येतो, हा त्यांचा शोध आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. परंतु तो जगापुढे खऱ्या अर्थाने गेला, तो १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी एका अमेरिकन मासिकात त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा, आणि तोवर कापरेकरांना सेवानिवृत्त होऊन तेरा वर्षे लोटलेली होती. आपल्या नोंदीखाली तिसऱ्या मिनिटाला कोणा जाणत्याचे उत्तर यावे, हे भाग्य त्यांच्या वाट्यास आले असते तर त्यांच्या हातून आणखी काय घडले असते, हा विचार मनास चटका लावून जातो.

त्यानंतर नोंदींचा ओघ सुरू झाला, तो सदतीस दिवस टिकला. मार्चच्या १० तारखेस गॉवर्स यांनी, प्रश्न बहुधा सुटला आहे, अशी सावध घोषणा केली. तोवर २७ माणसांनी सुमारे ८०० नोंदींत जवळजवळ १,७०,००० शब्द लिहिलेले होते, आणि अपेक्षिलेल्या एका मार्गाच्या ऐवजी संपूर्ण प्रमेयाचीच नवी, साध्या साधनांची सिद्धता हाती आली होती. तिचा निबंध २०१२ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या अत्यंत प्रतिष्ठित नियतकालिकात डी. एच. जे. पॉलिमॅथ या अस्तित्वातच नसलेल्या गृहस्थाच्या नावाने प्रसिद्ध झाला. नेहमीचे संशोधन म्हणजे मोटार ढकलणे, तर हे म्हणजे मोटार हाकणे, असे स्वतः गॉवर्स यांनी या अनुभवाचे वर्णन केलेले आहे.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण या कथेचे तात्पर्य काढताना पुष्कळ लोक घाई करतात. जगातील असंख्य माणसे एकत्र आली म्हणून प्रश्न सुटला, असे मुळीच नाही. गॉवर्स यांना अभिप्रेत असलेली गर्दी कधी जमलीच नाही, आणि सत्तावीस जणांतही मुख्य भार मोजक्याच व्यक्तींनी वाहिला. मागाहून आलेल्या माणसास शेकडो नोंदी वाचून काढल्याशिवाय आत पाऊल टाकता येईना, ही अडचणही फार लवकर उद्भवली. ती निवारली कोणी? ज्यांनी दर शंभरएक नोंदींनंतर, आतापर्यंत काय ठरले, काय खोटे निघाले, कोणता धागा अर्धवट राहिला, याचा गोषवारा लिहिला त्यांनी. गॉवर्स स्वतः हे काम करीत. लहान मितींच्या पटांचा हिशेब टाओ यांनी आपल्याकडे वेगळा काढून घेतला. आणि सिद्ध झालेल्या गोष्टींचे एक सामाईक टाचण मायकेल नील्सन नावाच्या संशोधकांनी आंतरजालावर उभारलेल्या जागी ठेवले जाऊ लागले. कल्पना सुचविणारे पुष्कळ असतात. सुचलेल्या कल्पनेचे दफ्तर राखणारा कारकून मिळणे कठीण, आणि येथे तर फील्ड्स पदकाचे मानकरी ही कारकुनी बिनतक्रार करीत होते.

हीच गोष्ट या प्रयोगाच्या दहा वर्षे आधी बुद्धिबळाच्या पटावर दिसून आली होती. १९९९ साली विश्वविजेता गॅरी कास्पारोव्ह एका बाजूस आणि पाऊणशे देशांतील पन्नास हजारांहून अधिक माणसे दुसऱ्या बाजूस, असा सामना आंतरजालावर झाला. जगाची प्रत्येक चाल मतदानाने ठरे. मतदानाने ठरणारी चाल सामान्य प्रतीची असणार अशीच सर्वांची अटकळ होती. परंतु इरिना क्रश या पंधरा वर्षांच्या अमेरिकन मुलीने इतरांच्या विश्लेषणातील सरस भाग निवडून, तो एकत्र मांडून लोकांपुढे ठेवण्याचा परिपाठ चालविला, आणि सामना चार महिने आणि ६२ चाली चालला. कास्पारोव्ह जिंकला खरा, पण त्याला इतका घाम क्वचितच कोणी गाळावयास लावला असेल.

गॉवर्स यांच्या या पहिल्या यशानंतर निघालेले सारेच प्रयोग फळास आले असे नाही, आणि माझ्या मते अपयशांचीच हकीगत अधिक शिकविणारी आहे. २०१० च्या जानेवारीत त्याच मंडळींनी पॉल एर्डश यांचा एक जुना प्रश्न हाती घेतला. अधिक एक आणि उणे एक यांची कशीही अनंत रांग लावली, आणि तिच्यातील दर दुसरे, दर तिसरे, किंवा दर कितवे तरी पद घेऊन बेरीज करीत गेलो, तर ती बेरीज कोठे ना कोठे हवी तितकी मोठी होईलच काय, असा तो प्रश्न होता. मोठ्या उत्साहाने नोंदी झाल्या, एक महत्त्वाचे रूपांतर सापडले, आणि मग मसलत थंडावली व अखेर बेमुदत तहकूब झाल्यासारखीच झाली. पुढे २०१५ च्या सप्टेंबरात टाओ अगदी वेगळ्याच विषयावर लिहीत असताना एका वाचकाने सुचविले की, याचा त्या जुन्या प्रश्नाशी संबंध असावा. टाओ यांना प्रथम तसे वाटले नाही. परंतु थोड्याच दिवसांत त्यांनी पाच वर्षांपूर्वीच्या दफ्तरातील ते रूपांतर बाहेर काढले, दोन तरुण गणितज्ञांच्या ताज्या संशोधनाशी त्याची सांगड घातली, आणि प्रश्न सोडविला. जे दफ्तर सोडून माणसे उठून गेली होती, तेच पुराव्याच्या कामी आले. तोंडी मसलत झाली असती, तर तिच्यातील एक अक्षरही उरले नसते.

दुसरे उदाहरण जोडमूळ संख्यांचे. ११ आणि १३, १७ आणि १९, अशा दोनच्या अंतराने येणाऱ्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत की नाहीत, हे अद्याप कोणास सिद्ध करता आलेले नाही. २०१३ साली न्यू हॅम्पशर विद्यापीठातील यितांग झांग यांनी, जे वर्षानुवर्षे एकाकीपणे आणि जवळजवळ अज्ञातवासात काम करीत होते, अंतर सात कोटींहून कमी असलेल्या जोड्या अनंत आहेत, असे सिद्ध करून जगास थक्क केले. दोनच्या मानाने सात कोटी ही मर्यादा हास्यास्पद वाटेल. परंतु त्यापूर्वी कोणतीच मर्यादा ठाऊक नव्हती. ही मर्यादा खाली आणण्याचे काम टाओप्रभृती मंडळींच्या गटाने त्याच जूनमध्ये हाती घेतले, आणि काही महिन्यांत ती ४,६८० वर आणली. नोव्हेंबरात जेम्स मेनार्ड या तरुण गणितज्ञाने आपल्या स्वतंत्र रीतीने ती ६०० वर नेली; गटाने ती रीत लगेच आपलीशी केली, मेनार्डही त्यात सामील झाले, आणि २०१४ च्या एप्रिलपर्यंत मर्यादा २४६ वर आली. हा क्रम बारकाईने पाहिला म्हणजे श्रमविभाग स्पष्ट दिसतो. उडी घेणारे झांग आणि मेनार्ड एकएकटे होते. दोन उड्यांमधील जमीन तसू तसू करून जिंकली ती गटाने. येलच्या संशोधकांनी १९५८ साली जे मोजले, त्याच्याशी हे सुसंगतच आहे. कल्पना प्रथम सुचावयाची ती एकेका डोक्यात, आणि तेही ते डोके दुसऱ्याच्या बोलण्याने अडलेले नसताना. ती कल्पना घोटून घ्यावयाची मात्र अनेकांकडून.

अर्थात गणितास एक सवलत आहे, ती अन्य विषयांस नाही. तेथे चुकीची कल्पना चुकीची आहे हे दाखविता येते, आणि ते दाखविले म्हणजे सुचविणारा निमूटपणे ती मागे घेतो. ज्या विषयात अशी कसोटी नाही, तेथे गटाचा कल वेगळ्याच दिशेने जातो. झुरिक येथील संशोधकांनी २०११ साली १४४ विद्यार्थ्यांना काही आकडे अंदाजाने सांगावयास लावले, आणि त्यांतील काहींना इतरांचे अंदाज दाखविले. ज्यांना ते दाखविले, त्यांचे अंदाज एकमेकांच्या जवळ आले, पण त्यामुळे ते सत्याच्या जवळ काही गेले नाहीत, उलट एकमत झाल्यामुळे त्यांचा स्वतःवरील भरवसा मात्र वाढला. पहिल्याने ‘उत्तम’ म्हटले की पुढच्या दहांनी अंगठा उभारावा, हा प्रकार ज्यांनी भ्रमणध्वनीवरील गटांत पाहिला आहे, त्यांना या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही.

आपल्या गृहनिर्माण संस्था, माजी विद्यार्थ्यांची मंडळे, गणेशोत्सवाची मंडळे, वाचनालयांचे कार्यकारी मंडळ, या सर्वांचे कामकाज आता व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गटांत होऊ लागले आहे, आणि तेथे चांगल्या कल्पना येत नाहीत असे कोणी म्हणू नये. रात्री नऊ वाजता पावसाचे पाणी साठविण्याची एक नामी तजवीज कोणी सुचवितो, दोघे तिला दुजोरा देतात, एक जण खर्चाची रास्त शंका काढतो. आणि सकाळी सातपर्यंत त्या साऱ्यावर फुलांच्या शुभेच्छांचे इतके थर बसलेले असतात की, महिन्याभराने सर्वसाधारण सभेत तोच विषय निघाला म्हणजे सगळे पुन्हा पहिल्यापासून बोलावे लागते. यात दोष माणसांचा नाही. नोंदीस क्रमांक नाही, विषयास वेगळी जागा नाही, आणि गोषवारा लिहिण्याचे काम कोणावरच सोपविलेले नाही.

तेव्हा ज्या वाचकांच्या संस्थेत असा गट चालतो, त्यांनी पुढचा एखादा खरोखरीचा प्रश्न आला म्हणजे एवढे करून पाहावे. प्रथम दोन दिवसांची मुदत देऊन प्रत्येकाने आपली सूचना इतरांचे न वाचता चिटणिसाकडे स्वतंत्रपणे लिहून पाठवावी, अर्धवट असली तरी चालेल. मग त्या सर्व सूचना क्रमांक घालून एकाच सामाईक कागदावर मांडाव्यात. हरकत घ्यावयाची ती त्या क्रमांकावर घ्यावी, माणसावर घेऊ नये. आणि दर आठवड्यास काय टिकले व काय गळाले याचा गोषवारा लिहिण्यासाठी एका सभासदास नावानिशी नेमावे. आणि हे काम नव्याने आलेल्या, पडेल ते करणाऱ्या पोरावर न ढकलता मंडळातील सर्वांत जाणत्या माणसाकडे सोपवावे, ही आमची विशेष विनंती आहे.